टोपल्याखालचं पाऊल

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, पोरींपुढं नाही. प्रार्थनेला बसले की या जागेपाशी येऊन अडखळते, आणि "प्रभू, ते तुला ठाऊकच आहे" म्हणून पुढं सरकते. त्याला ठाऊक असणं आणि मी सांगणं यात फरक आहे ना? आज तुम्हाला सांगते. मधी बोलू नका फक्त, नाहीतर मी विषय बदलीन. मला ते लय चांगलं जमतं.

मी पूर्ण्याची. वडील रेल्वेत, घर ख्रिस्ती, आजूबाजूच्या क्वार्टरांत सगळ्या जातीधर्माची माणसं. इंग्रजी बरं होतं, जीभ लहानपणापासून तिखट. म्हणून सोळा-सतरा वर्षांमागं हेलनबाईंची दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. हेलनबाई परदेशातून मिशनच्या कामाला आलेल्या, पन्नाशीच्या, त्यांच्या देशात नर्स होत्या. पालमच्या पुढं एका लहानशा गावात आम्ही दोघी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो.

त्यांचा एकच हट्ट — गावात राहायचं तर गावासारखं. साडी नेसायला शिकल्या. भाकरी थापायला शिकल्या, थापताना पीठ पार भुवयांपर्यंत. वडीलधारं माणूस दिसलं की डोक्यावर पदर. चूक होऊ नये, कुणाचं मन दुखू नये म्हणून प्रत्येक रीत मला विचारायच्या आणि एका वहीत लिहून ठेवायच्या. "सुमती, हे का करतात?" — दिवसातून वीस वेळा.

आणि मी सांगायची. माहीत असेल ते सांगायची. माहीत नसेल तर — आता लपवून काय उपयोग — बनवून सांगायची. कोण तपासणार होतं? एकदा ठोकून दिलं की पाहुण्यानं तिसरी भाकरी नाकारायची नसते, घरच्या बाईचा अपमान होतो. बिचाऱ्या दोन वर्षं घरोघर तीन-तीन भाकरी खात होत्या. मी पदराआड हसायची. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता, आणि मला त्याची गंमत वाटायची.

शेजारी गिरजामाय राहायची. सत्तरीची, तपकिरीची डबी कायम कनवटीला. तिचा मुलगा दत्ता, सून मथुरा. गिरजामाय आणि हेलनबाई तासन्‌तास ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या — एकीला दुसरीची भाषा येत नाही, तरी दोघींचं बरं चाललेलं. गिरजामाय आम्हा दोघींनाही "पोरी" म्हणायची. हेलनबाईंना पोरी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं बहुतेक.

मथुरेला नऊ वर्षांत मूल नव्हतं. भावकीचं टुमणं चालू होतं, दत्ताला दुसरी करा. म्हातारी आडवी यायची. "मी जित्ती हाय तवर दुसरी सून ह्या उंबऱ्याच्या आत यायची न्हाई." आणि मग मार्गशीर्षात म्हातारी गेली. समजलं ना, मथुरेचं काय गेलं ते?

त्या घरात एक रीत होती. माणूस जिथं गेलं ती जागा सारवायची, ज्वारीचं पीठ चाळून पसरायचं, वर टोपलं पालथं घालायचं, शेजारी दिवा. तिसऱ्या दिवशी पुरुषमंडळी राख सावडून आली की टोपलं उचलून बघायचं, पिठात काय उमटलं ते. कुणाच्या पिठात चिमणीचे पाय दिसतात, कुणाच्या सापाची रेघ. जे दिसेल तो गेलेल्याचा पुढचा जन्म. हेलनबाईंनी हेही वहीत लिहून घेतलं. ही मात्र खरी रीत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुष नदीवर गेले. बायका आंघोळीला गेल्या. मथुरा जाताना म्हणाली, "ताई, दिव्यावर ध्यान ठिवा, इझू देऊ नका." हेलनबाई ओट्यावर बसल्या, दाराकडं पाठ करून. मी आत. लख्ख उजेड होता, भिण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्या खोलीत म्हातारीच्या तपकिरीचा वास अजून होता — आणि आदल्याच दिवशी दत्ताचा चुलता माझ्यासमोर म्हणाला होता, "म्हातारीचा दहावा झाला की पोरगी बगू." मथुरा वात वळत होती. तिचे हात थांबले, पण मान वर झाली नाही.

मी टोपलं एका कडेनं उचललं. मूठ वळली, करंगळीची बाजू पिठात दाबली, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके दिले. महालक्ष्म्यांच्या सणाला पूर्ण्याला शेजारच्या काकू अशीच पावलं काढायच्या, दारापासून आतपर्यंत. तान्ह्या लेकराचं पाऊल उमटतं. एक काढलं. एकच. हे लक्षात ठेवा.

का केलं? दया आली म्हणा. पण नुसती दया नव्हती. मनात कुठंतरी थट्टाही होती — मानता ना हे असलं, मग घ्या, तुमच्यातलंच औषध तुम्हाला. माझ्या एका मुठीनं एका बाईचा संसार टिकतो, यात मला स्वतःची हुशारी वाटली. लय वाटली.

माणसं आली. दत्तानं टोपलं उचललं. 

पावलं दोन होती.

माझं एक. त्याच्या थोडं पुढं दुसरं, उजवं, जरा लहान आणि जास्त खोल रुतलेलं. चुलीच्या दिशेनं निघालेलं. मी सकाळपासून त्या खोलीतून हललेच नव्हते. हेलनबाई ओट्यावरून उठल्या नव्हत्या. खोलीला दुसरं दार नव्हतं. मग ते कुणी काढलं? पंधरा वर्षं झाली, मी दुसऱ्या पावलाचा हिशेब लावत बसलेय. मीच काढलं आणि विसरले? असं विसरतं का माणूस? दत्ता खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "माय माघारी यायलीय. घरातच यायलीय." चुलत्यानं पोरीचा विषय पुन्हा काढला नाही. मथुरेनं माझ्याकडं बघितलं. तिला काही कळलं होतं असं मला वाटत नाही. ती नुसती आनंदानं बघत होती.

संक्रांतीच्या आसपास मथुरेची पाळी चुकली. पुढं पोट दिसायला लागलं. गावानं तोंडात बोटं घातली. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. झाला की. रात्री मी देवाचे आभारही मानले, हसू नका.

मग एके दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मथुरा भिंतीला टेकून बसली होती. गिरजामायची तपकिरीची डबी तिच्या कनवटीला. आम्हाला बघून म्हणाली, "ये पोरी, बस." तोच आवाज. तोच ओढलेला, थोडा घोगरा. मथुरा माझ्याहून लहान, मला ताई म्हणणारी.  मी हेलनबाईंकडं बघितलं, तर त्या मागं वळून दाराकडं बघत होत्या, कोण आलं म्हणून.

बाहेर आल्यावर त्या मात्र आवाजाबद्दल काही बोलल्या नाहीत. नर्सच त्या. म्हणाल्या, "सुमती, पोट एका बाजूला जास्त आहे. चेहरा बघ किती ओढलाय. हे बाळंतपणाचं दिसत नाही मला. मला हात लावून बघू दे, आणि परभणीला नेऊन सोनोग्राफी करू. आजच सांग तिला."

आता येते मी त्या जागेवर.

बाळ नसेल तर लोक पावलाचं विचारतील. दिव्यापाशी कोण होतं? मिशनच्या बाया. पिठात हात कुणी घातला? मला गावाबाहेर काढतील, हेलनबाईंना काढतील, बाई मला कामावरून काढतील. हे सगळं मी दोन पावलं टाकायच्या आत मनात उलटंपालटं केलं. आणि शांतपणे म्हणाले, "बाई, इथं सातव्या महिन्यापर्यंत परक्या बाया गर्भाला हात लावत नसतात. विचारतसुद्धा नसतात. तपासायला न्या म्हणणं म्हणजे शाप दिल्यासारखं. घर आपल्याला कायमचं बंद होईल."

अशी काही रीत नाही. त्या गावात नव्हती, कुठंच नव्हती. ती मी तिथं, बाभळीखाली, चप्पल घालता घालता बनवली.

 हेलनबाईंनी पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं.

नंतर दोनदा म्हणाल्या, "नक्की ना, सुमती?" दोन्ही वेळा मी नक्की म्हणाले. दुसऱ्या वेळी तर थोडं चिडूनच. मी गप्पच राहिले — चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. मथुरा वाळत गेली, पोट वाढत गेलं. बायका म्हणायच्या, म्हातारी हाय ना पोटात, रक्त पिणारच. मी मान हलवायची. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. रोज संध्याकाळी वाटायचं, कदाचित खरंच बाळ असेल. पाऊल दुसरंही होतंच की. मी त्या दुसऱ्या पावलावर स्वतःला टांगून घेतलं होतं.

सातवा लागला त्या दिवशी हेलनबाई सकाळीच मथुरेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बघितलं, आणि तासाभरात जीप ठरवली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं — गर्भ नाही, कधीच नव्हता. अंडाशयाची गाठ आहे, पसरलीय. तीन महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. मीच ते वाक्य मराठीतून इंग्रजीत करून हेलनबाईंना सांगितलं. जसंच्या तसं. दुभाषी म्हणून मी त्या दिवशी एक शब्दही इकडचा तिकडं केला नाही.

मथुरा गेल्यावर महिन्याभरात हेलनबाई मायदेशी परतल्या. स्टेशनवर माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "मी ती रीत मोडायला हवी होती, सुमती. मी फार सांभाळून वागले. माझ्या सांभाळण्यानं ती गेली." गाडी उभी होती. पाच मिनिटं तरी होती माझ्याकडं. मी म्हणाले, "तुमचा काय दोष, बाई." त्या हयात आहेत, थकल्यात. नाताळला पत्र येतं. त्यात अजून एखादी ओळ मथुरेची असते. मी उत्तर लिहिते आणि त्या ओळीचं उत्तर लिहीत नाही.

एक राहिलं. मुद्दाम मागं ठेवलं होतं.

दवाखान्यात मथुरेला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. दत्ता बाहेर व्हरांड्यात भिंतीला डोकं लावून उभा. म्हणाला, "ताई, तुमीच सांगा. मला न्हाई व्हायचं." मीही ठरवलं — सगळं सांगायचं. गाठीचं, मुठीचं, पाचही ठिपक्यांचं. दुपार होती. वॉर्डात पंखा फिरत होता. मी खाटेवर बसले. मथुरेनं डोळे उघडले, माझा हात ओढून पोटावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, हलायलंय का बगा. सकाळधरनं मला कळंना झालंय."

तिथं बाळ नाही, हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकून आत आले होते. तिच्या डोळ्यांत बघून मी म्हणाले, "हलायलंय, मथुरे."

ती हसली आणि तिनं डोळे मिटले. मी हात काढून घेणार होते. तेवढ्यात हाताखाली हललं. आतून, एकदा, स्पष्ट — टाच लावल्यासारखं.

मी हात तसाच ठेवून बसून राहिले. तिला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.