चौथी खुंटी

भोपाळच्या ज्या टाउनशिपमध्ये मी वाढले, तिथे पूर्वी आमचं शेत होतं. वर्ध्याकडून आलेल्या आजोबांनी त्या शेतात सागवानी गोठा बांधला होता, एकही खिळा न ठोकता, नुसत्या लाकडी खुंट्यांवर. जमीन सरकारी कारखान्याला गेली, बदल्यात बाबांना तिथेच नोकरी मिळाली आणि गोठा बागेची अवजारं ठेवण्यापुरता उरला. दर दिवाळीला बाबा त्याला जवसाचं तेल चोपडायचे. कॉलनीतले हसायचे.

मी पंधरा वर्षांची असताना एका साहेबाला व्हरांड्यात झोपाळा टांगायला तुळई हवी होती. त्याने माणसं पाठवून गोठ्याची मधली तुळई खुंट्यांसकट काढून नेली. बाबा हात जोडून म्हणाले, "साहब, छत बैठ जाएगी."

"तबेला ही तो है," साहेब म्हणाला.

बाबांनी छपराला लोखंडी पाइपाचा टेकू दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. साहेबाला मी अजून माफ केलेलं नाही, करायची इच्छाही नाही.

पुढे मी त्याच टाउनशिपच्या सिव्हिल विभागात ज्युनिअर इंजिनिअर झाले आणि साहेब निवृत्त झाला. बंगला सोडताना त्यात केलेले फेरफार काढून सगळं मूळ स्थितीत आणून द्यावं लागतं. तसं झाल्याच्या दाखल्यावर सही माझी, आणि त्याशिवाय निवृत्तीचे पैसे सुटत नाहीत. मी शेरा मारला: तुळई गोठ्यात परत बसवावी, चारही खुंट्यांसह.

मुकाट्याने बसवून घेतली त्याने. बाबांनी सांध्यांवरून हात फिरवला. "एक खुंटी कमी आहे."

"नई बनवा देता हूँ, बेटी," साहेब म्हणाला.

"मॅडम," मी म्हटलं. "और नई नहीं चलेगी. सामान में देखिए."

भर दुपारी भरलेला ट्रक रस्त्यावर रिकामा झाला. पलंग, पेट्या, लोणच्याच्या बरण्या. शेजारीपाजारी गॅलरीत उभे. साहेब स्वतः गाद्यांच्या वळकट्या सोडून झटकत होता. मी सावलीत उभी राहून मनसोक्त बघितलं.

चार वाजता मी पर्स उघडली. तुळई नेली त्या दिवशी गवतात पडलेली खुंटी मीच उचलली होती. इतकी वर्षं ती माझ्याकडेच होती.

बाबांनी खुंटीकडे पाहिलं, मग रस्त्यावर पसरलेल्या त्या संसाराकडे. मला वाटलं, आता रागावतील.

"पाचपर्यंत थांबली असतीस तरी चाललं असतं," ते म्हणाले आणि हातोडा मागितला.