झेंड्याच्या काठीवरचं इंटरनेट

इंटरनेट सगळं जग वापरतं, पण त्याला रोज सकाळी सावधान उभं राहून वर चढवणारा आणि सूर्य मावळायच्या आत सन्मानाने खाली उतरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे म्हैसूरचे घरमालक. सोळा वर्षांपूर्वी नोकरीसाठी मी साताऱ्याहून इथे आलो आणि देवराज मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मी त्यांना काका म्हणायचो. सगळी हयात त्यांनी एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून काढली होती. शाळा सुटली तरी शिट्टी सुटली नव्हती. नळाला पाणी आलं की एक शिट्टी, गेलं की दोन. जिन्याखालच्या चपलासुद्धा त्यांनी उंचीप्रमाणे उभ्या केलेल्या असत, आणि माझी एखादी चप्पल रांगेबाहेर दिसली तर मला वर येऊन सांगायचे, "तुझा डावा पाय शिस्तीत नाही बघ रे." त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून म्हैसुरात, त्यामुळे त्यांची मराठी आमच्या मराठीच्या बोटाला धरून निघायची आणि अर्ध्या वाटेत कन्नडचा हात धरायची. "नोड रे, टाकीतलं पाणी सुम्ने सोडू नको, खाली होते, अष्टे." आता 'नोड' म्हणजे बघ, 'सुम्ने' म्हणजे उगाच आणि 'अष्टे' म्हणजे एवढंच, हे कळायला मला दोन महिने लागले आणि दोनदा टाकी रिकामी झाली.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी बन्नूरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत, उसाच्या आणि भाताच्या मधोमध एक शेत घेतलं. शेताला ते 'तोट' म्हणत. तिथे स्वतः उभं राहून घर बांधलं, वीस नारळ लावले, दोन फणस लावले, सगळे अर्थातच एका ओळीत, आणि काकूंना घेऊन राहायला गेले. मी त्या वेळी स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलो होतो, पण दर रविवारी तोटावर जायचो. त्या घरात कशाची म्हणून कमतरता नव्हती. फक्त फोनला रेंज नव्हती. माळ्यावर, गच्चीत, विहिरीच्या कठड्यावर काकांनी महिनाभर फोन हातात धरून संचलन केलं आणि शेवटी असा निष्कर्ष काढला की रेंज आहे, पण ती जमिनीपासून पंचवीस फुटांवर आहे, आपल्यासाठी खाली येण्याची तिची तयारी नाही. मग अंगणात झेंड्याची काठी उभी राहिली, शाळेत असायची तश्शी, कप्पी आणि दोरीसकट. रोज सकाळी साडेसातला काका हॉटस्पॉट चालू करून फोन लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवत, झाकण घट्ट लावत आणि सावधान उभे राहून बरणी वर चढवत. तिथून जे काही झिरपायचं त्यावर ओसरीतला टॅब चालायचा. पहिल्या दिवशी मी तो सोहळा पाहून हसलो, तर ते गंभीरपणे म्हणाले, "हसतोस काय, चप्पल काढ आधी."

या व्यवस्थेत एकच दोष होता. बरणी वर असताना फोन आला तर तो घेता यायचा नाही. वर फोन वाजत असायचा आणि खाली काका मान वर करून त्याच्याकडे बघत उभे असायचे. दोरी सैल करून बरणी उतरवावी तर फोन खाली यायचा आणि रेंज वरच राहायची. म्हणून कुठल्याही कागदावर नंबर लिहायची वेळ आली की ते माझा नंबर लिहीत. "तुझा जमिनीवर असतो," म्हणायचे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. खरं तर माझ्यामुळे घडलं.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. काकूंचे कान हळूहळू गेले होते. यंत्र लावून पाहिलं, त्यातून त्यांना फक्त भांड्यांचा आवाज यायचा. पण बाई जिद्दीची, त्या ओठ वाचायला शिकल्या. समोर बसलेल्या माणसाचं मराठी काय, कन्नड काय, त्या अक्षर अन् अक्षर टिपायच्या. त्यामुळे त्यांच्या घरात कुणाची चहाडी लांबून कुजबुजत करायचीही सोय नव्हती. लेक एकुलती एक, पुण्यात. तिच्याशी फोनवर बोलणं शक्यच नव्हतं. तोंड दिसलं पाहिजे, आणि नुसतं दिसून भागत नाही, हललं पाहिजे. काठीवरच्या इंटरनेटचं असं होतं की लेकीचं तोंड 'आ'वर अडकलं की दहा दहा मिनिटं तसंच राहायचं. काकू बिचाऱ्या शांतपणे त्या 'आ'कडे बघत बसायच्या. एकदा तर त्या जाऊन भात लावून आल्या आणि विचारलं, "मिटलं काय?"

एके दिवशी लेकीने पुण्याहून घाईघाईने काहीतरी सांगितलं. चित्र अडकत अडकत आलं आणि नेमका एकच शब्द काकूंच्या हाती लागला. 'ब' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात, ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. काकूंनी वाचलं 'माळ'. पोरीला आजीची मोत्यांची माळ हवी आहे म्हणून त्यांनी ती पेटीतून काढली, काकांना बसने देवराज मोहल्ल्यातल्या सराफाकडे पिटाळलं, नव्या दोऱ्यात ओवून घेतली आणि कुरियरने पुण्याला धाडली. पोरीने माळ गळ्यात घातली, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आई, माळ नाही, बाळ', आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्या रविवारी मी तिथे होतो. काकूंनी तो कागद वाचला आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. काकांनी खिशातून शिट्टी काढली, पण वाजवली नाही. नुसती हातात धरून बसले.

तर पहिलं बाळंतपण, म्हणजे लेक माहेरी येणार. तिची कंपनी म्हणाली, कुठूनही काम करा, फक्त नेट नीट पाहिजे. सातव्या महिन्याच्या आत तोटावर चांगलं नेट आलं तर ती येणार होती, चांगली पाच-सहा महिने राहणार होती. नाही आलं तर काकूंना पुण्याला जावं लागणार होतं, आणि काकूंना एकटं पाठवणं शक्य नव्हतं, म्हणजे काकांनाही. काकांनी खोली रंगवली. पाळण्यासाठी कडी ठोकली. टेबल खिडकीजवळ ठेवलं, पोरीला काम करताना फणस दिसावा म्हणून. आणि बन्नूरच्या एका छोट्या कंपनीकडे ब्रॉडबँडचा अर्ज केला. अर्जावर नंबर अर्थातच माझा. "तू त्याच लाईनीतला ना रे," म्हणाले. मी सॉफ्टवेअरमधला, वायर कशी सोलतात हेही मला ठाऊक नाही, पण त्यांच्या लेखी सॉफ्टवेअर म्हणजे मऊ वायर.

रस्त्यापासून घरापर्यंत खांब रोवायचे होते. काका रोज सकाळी फिरायला जाऊन खांब मोजून यायचे आणि एखादा तिरका दिसला तर लाईनमनकडून सरळ करून घ्यायचे. लाईनमन 'नाळे' म्हणजे उद्या येतो म्हणायचा आणि चार दिवसांनी यायचा. मी चिडलो की काका म्हणायचे, "पाप रे." मी म्हटलं, अहो, एवढं काय, आळस आहे, पाप कसलं. तेव्हा काकू हसून म्हणाल्या, "आमचं पाप म्हणजे बिचारा. तुमच्याकडं पाप म्हणजे दुसरं काय तरी, नाही?" काकांच्या जगात सगळेच बिचारे. खांब पूर्ण झाले, तार घराच्या भिंतीपर्यंत आली. आता फक्त कुणीतरी येऊन ती पेटीला जोडायची होती. महिना होता पाचवा.

आता माझ्या कन्नडबद्दल. सोळा वर्षांत मी बारा शब्द शिकलो, त्यातला माझा सगळ्यात लाडका 'आयतु'. आयतु म्हणजे बरं, ठीक आहे. रिक्षावाल्याला आयतु, वॉचमनला आयतु, भाजीवालीला आयतु. या एका शब्दावर मी या शहरात संसार केला. मी ऑफिसात एका मीटिंगमध्ये होतो तेव्हा बन्नूरहून एका मुलीचा फोन आला. तिने काकांचं नाव घेतलं आणि विचारलं, "कनेक्शन आयता, सार?" मला वाटलं, कनेक्शन देतो, चालेल ना, असं विचारते आहे. साहेब माझ्याकडे बघत होते. मी दबक्या आवाजात म्हटलं, "आयतु, आयतु," आणि फोन ठेवला. 'आयतु'चा पहिला अर्थ 'झालं' असा आहे. तिने विचारलं होतं, कनेक्शन झालं का, आणि मी तिला दोनदा सांगितलं होतं की झालं.

काम झालं म्हणून कंपनीने अर्ज बंद केला. झालेल्या कामाला कोण कशाला येईल? काका रोज फाटकाशी उभे राहून वाट बघायचे आणि मला विचारायचे, "कधी म्हणाले रे?" मी म्हणायचो, येतील. माझ्या ऑफिसातही तेव्हा काम डोक्यावर आलं होतं, दोन रविवार गेलोच नाही. दीड महिन्याने मी बन्नूरला त्यांच्या ऑफिसात जाऊन तावातावाने भांडलो, तेव्हा त्या मुलीने निमूटपणे वही पुढे केली. माझा नंबर आणि समोर शेरा, 'आयतु'. माझा आवाज तिथल्या तिथे बसला. नवा अर्ज घेतला तिने, पण जोडणारी माणसं तलकाडच्या बाजूच्या गावांना लागली होती, परत फिरायला दोन-तीन महिने जाणार होते. त्या दिवशी तोटावर जाऊन मी काकांना सांगितलं, कंपनीकडचं सामान संपलंय. मला खरं सांगता आलं असतं. ते ओरडले नसते, हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं त्याचीच भीती होती. काका म्हणाले, "पाप, तू तरी किती पळशील." मग ओसरीतल्या टॅबवरून त्यांनी लेकीला कॉल लावला. "तू येऊ नको बाळा. आम्हीच येतो." आणि बाहेर जाऊन दुपारी तीन वाजताच बरणी खाली उतरवली.

तीन महिन्यांसाठी म्हणून गेले. नात झाली. अडीच महिन्यांनी मला लाईनमनचा फोन आला, किल्ली माझ्याकडे होती म्हणून मी गेलो. त्याने दहा मिनिटांत तार जोडली. पेटीवर हिरवा दिवा लागला. रंगवलेल्या खोलीत, त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी एक व्हिडिओ लावून पाहिला. एकदाही अडकला नाही. मला तिथे बसवेना. मी दिवा बंद केला आणि कुलूप लावून आलो. पुढे काका आज येतो, उद्या येतो म्हणत राहिले, मग म्हणाले, हिचं पुण्यात मन रमलंय, कानाचा डॉक्टर जवळ आहे, नात आहे, हिला आता कुठं परत ओढू. शेवटी तोट विकलं. विक्रीच्या कागदपत्रांच्या वेळी त्यांच्या वतीने मी हजर होतो. घेणाऱ्याने सगळ्यात आधी विचारलं, नेट आहे ना?

आता ते पुण्यात नवव्या मजल्यावर राहतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात, काचेसारखा स्वच्छ. काकांना करायला काही नसतं, हे त्या स्वच्छ चित्रात फार स्वच्छ दिसतं. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, फणसाला यंदा किती लागले असतील रे, आणि माझ्याच्याने राहवेना. काकू त्यांच्या मागे जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी अगदी आवाज उतरवून काकांना सगळं सांगितलं. तो फोन, तो शेरा, ते सामान संपल्याचं खोटं. माझी अक्कल पाहा, आवाज उतरवला.

काका म्हणाले, "परवागिल्ला रे. असू दे. तसं झालं म्हणून ही इथं आली की. तोटात हिला करमत नव्हतं."

"मला करमत नव्हतं म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?" मागून काकूंचा आवाज आला, ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा सपाट आणि मोठा. मेथी हातात तशीच होती आणि नजर पडद्यावर, माझ्या तोंडावर आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात दिसणाऱ्या काकांच्या तोंडावर. "मला तिथंच राहायचं होतं. तुम्हाला नातीपाशी बरं वाटतंय म्हणून मी गप्प बसले."

काका खुर्चीतल्या खुर्चीत वळले. त्यांची पाठ माझ्याकडे झाली. ते काकूंना काहीतरी सांगू लागले, इतक्या हळू की माझ्यापर्यंत एक शब्द आला नाही. काकू मात्र त्यांच्या ओठांवरून नजर न काढता मान हलवत होत्या. मी फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि ओले हात पुसून काकांचा हात हातात घेतला.