आत्याला हवं असलेलं औषध

सरकीच्या ढेपेचा वास आला की हिंगणघाटला आत्याच्या गोठ्यापाशी घालवलेली ती दुपार आठवते आणि अजूनही वैताग येतो. मेंदूतली पेशी रसायनं कशी वाहून नेते, बाहेर कशी सोडते, यावर मी संशोधन करतो. आत्याने थरथरता हात पुढे केला. "मले औषध दे." "आत्या, मी तसला डॉक्टर नाही." "मंग इतके वर्षं काय करून राह्यला तू?" समजावून घसा सुकला. शेवटी चिडून तिला गाडीत बसवलं आणि वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या गोळ्यांनी हात बराच स्थिरावला. आता ती गावभर सांगते, "माह्या भाच्यानंच बरं केलं!" आणि मी सुट्टीवर आलो, की दुखरे गुडघे धरून माणसं दारात बसलेली असतात.