सोवळ्याआड लपवलेली बोटं

देवीच्या नावावर मी सहा महिने खोटं बोललो, हे आधीच सांगून टाकतो. राजापूरकडच्या आमच्या गावात ग्रामदेवीची पूजा आमच्या घराण्याकडे आहे. मी गुरव. लोक अडले की कौल लावायला येतात. मूर्तीवर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तीस वर्षं हे काम माझ्या बोटांनी केलं.

चिकनगुनियाच्या साथीत अर्धी वाडी आडवी झाली, त्यात मीही होतो. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटं सुजून बसली. सकाळी तांब्या उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. मनात एकच प्रश्न होता. जन्मभर सेवा केली, मग देवीआईनं माझेच हात का धरले? हे कुणापाशी बोलायची मात्र सोय नव्हती. गुरवालाच देवी बरं करीना म्हटल्यावर लोकांनी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

त्याच सुमारास एक डॉक्टरीणबाई येऊ लागली. तापानंतर माणसाचं काय होतं, सांधे किती दिवस दुखतात, याचा ती वर्षभर अभ्यास करणार होती. दर महिन्याला एसटीतून उतरून जांभ्याची घाटी चढायची आणि घरोघर तेच प्रश्न न कंटाळता विचारायची. साथीत कुणाचा कुठला गुडघा धरला होता, हे तिला वही न उघडता आठवायचं. आमच्या दुखण्याला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. आणि मी? ती यायच्या वेळेला मुद्दाम देवळात सोवळं नेसून बसायचो, म्हणजे हात तपासायला नकोत. "देवीच्या कृपेन बरा हाय," असं लांबूनच सांगायचो. ती बिचारी माझं सोवळं पाळून पायरीखाली उभी राहायची.

सहाव्या महिन्यात ती आली तेव्हा वाडीतला सखाराम विहीर खणायची की नाही याचा कौल विचारत होता. मी पाकळी लावायला गेलो आणि सुजलेलं बोट वळेना. उजवी पाकळी माझ्याच नखाला लागून खाली आली. मला ते कळलं, तरी मी "उजवा" म्हणालो. सखाराम हात जोडून खुशीत निघाला.

बाईनं सगळं पाहिलं होतं. हळूच म्हणाली, "काका, या वाडीत आता कुणाचंच काही दुखत नाही, असं माझ्या वहीत आहे. हे असंच राहिलं, तर उद्या जो खरोखर कण्हत दवाखान्यात जाईल, त्याला सगळे ढोंगी म्हणतील."

मी तसाच पायऱ्या उतरलो आणि सखारामाला हाक मारली. म्हटलं, "बाबा, तो कौल देवीचा न्हवता, माझ्या बोटांचा व्हता. माजे हात गेलेत रे."

मला वाटलं, तो चिडेल. पण तो एक पाय ताठ ठेवूनच पायरीवर टेकला आणि म्हणाला, "माजा गुडघा पन वाकत नाय. तुमी बरा हाय म्हन्लात, मंग आमी कसा दुखताय म्हनायचा?"

त्या दिवशी बाईची शेवटची गाडी चुकायची वेळ आली. एकेक जण येऊन खरं सांगत होता आणि ती मान खाली घालून लिहीत होती. पुढं तिनंच मला कोमट पाण्यात बोटं हलवायला शिकवलं. कौलाचं काम मी चुलतभावाकडे दिलं. देताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू. पण आई माझ्या हातांवर अडून बसलेली नाही, हे तेव्हा उमगलं. तीस वर्षं मी तिचा निरोप लोकांना सांगितला, आणि तिला मलाच काही सांगायचं होतं तेव्हा तिनं या बाईला घाटी चढायला लावली, असंच मी मानतो.

वर्ष संपताना ती शेवटची आली. मी सोवळं उतरवून, हात पुढं करून गाभाऱ्याच्या दारात बसलो होतो. तिनं नेहमीसारखं विचारलं, आज कसं आहे?

"दुखतंय, बाय," मी म्हणालो. "डाव्या हाताची दोन बोटं अजून दुखतायत."

देवीसमोर इतकं खरं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.