शेळ्यांमागे चालणारी आत्या

आमच्या आत्याला भेटायला आलेल्या माणसाला दारात काढलेल्या चपला लगेच पुन्हा घालाव्या लागत. दोन्ही किडन्या गेलेली बाई बाजेवर निजलेली असेल, उशाशी बसून चार आसवं गाळू, अशा बेतानं पाहुणे यायचे. आत्या काठी उचलायची. "भेटायचं व्हय? मंग चला शेळ्यांमागं माळावर. बोलत बोलत जाऊ." एका विहीणबाईंना तर तिनं असं चालवलं की माळावर पोचेतो त्यांनाच जास्त धाप लागली.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आठवड्यातून दोनदा मी, तिचा भाचा, तिला जीपनं हिंगोलीला आणि पुढे एस.टी.नं नांदेडला डायलिसिसला न्यायचो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला व्यायाम नेमून दिला होता. मशीन लागलं की पहिल्या तासात पडल्या पडल्या पाय चालवायचे, सुईचा हात मात्र हलवायचा नाही. घरी असेल तेव्हा रोज हळूहळू चालायचं, दम लागला की थांबायचं. बाकीचे पेशंट तोंडावर चादर ओढून पडलेले आणि हिचे पाय चाललेले. शेजारच्या खाटेवरचे गुरुजी एकदा वैतागले, "बाई, कुठं निघालात?"

"घरी. तुमी येता का?"

त्या दिवशी गुरुजींचेही पाय हलले.

खरी लढाई घरात होती. तिचा लेक ज्ञानबा म्हणायचा, दुखणेकऱ्यानं पडून राहावं; आजारी आईला शेळ्यांमागे पाठवलं तर लोक तोंडात शेण घालतील. त्यानं शेळ्या विकायचं ठरवलं. नवऱ्यामागे याच शेळ्यांवर तिनं त्याला वाढवलं होतं. "शेळ्या गेल्या की मी बाजंवर, अन् बाजंवरून मसणात!" ती कडाडली. तो बधला नाही.

बाजाराच्या दिवशी त्यानं कळप हाकला. वेशीपाशीच शेळ्या पांगल्या. त्याच्या हाकेला एकही जुमानेना. शेवटी घामाघूम होऊन परतला आणि म्हणाला, "माय, बाजारापातुर तेवढी चल."

आत्या काठी घेऊन उठली. थांबत, बसत, दम खात तिनं सगळा कळप गोरेगावच्या बाजारात नेला. मी सोबत होतो. वाटेत माझाच जीव टांगणीला लागला होता. व्यापारी बोकडाची पाठ चाचपू लागला, तशी ती मध्ये उभी राहिली.

"मला चालणं व्हत न्हाई म्हनून इकून राहिला ना रे? मंग हितवर कोण चालत आलं, तुझा बाप?"

भरल्या बाजारात ज्ञानबाला तोंड वर करता येईना. कळप आला तसा घरी गेला.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. एका हिवाळ्यात माळावरच, बाभळीखाली दम खायला बसली ती उठली नाही. मला आजही तिची फार आठवण येते. तिला घरी आणलं तेव्हा अंगणात बायका रडत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काहून फिरू दिलं रे तिला? पडून राहिली असती तर वाचली असती."

ज्ञानबा रडता रडता उसळला. "पडून राहिली असती तर कवाच मेली असती! चालली म्हनून इतकी वर्सं मला माय होती."