अक्काचं ताकदीचं इंजेक्शन

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. आणि खरं सांगू? त्यावाचून माझं काही अडलंही नाही. सुखात आहे मी.

नव्वदीच्या दशकात मी धुळ्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. जीवाणूंची काही विषारी प्रथिनं माणसाच्या पेशीत कशी गुपचूप शिरतात, आणि तेच विष बेताने टोचलं तर औषध कसं होतं — हा माझा आवडता तास. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची.

गावाकडे माझी मोठी जाऊ होती, अक्का. तिच्या पापण्या आपोआप घट्ट मिटायच्या — चुलीपुढे, विहिरीवर, कुठेही. घरचे म्हणायचे, सोंग करते. मीच तिला मुंबईला नेलं. डॉक्टर मला म्हणाले, एका जीवाणूच्या विषाचं इंजेक्शन आहे. मज्जातंतूत शिरतं, स्नायूला जाणारा निरोप अडवतं, पापणी सैल पडते. काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं.

बाहेर अक्काने मला विचारलं, "हाई कसानं इंजेक्शन शे वं?"

तिचा भाऊ कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने गेलेला. विष म्हटलं असतं तर ती उठून सरळ स्टेशन गाठती. ते तिचं तिने ठरवायचं होतं, नाही का? पण मी म्हणाले — ताकदीचं.

आठवड्याभरात डोळे उघडले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

तुम्ही म्हणाल, मायेपोटी केलं. माया होती — थोडी. पण श्रावण तोंडावर आला होता. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट थोरल्या सुनेने करायचे: घरातल्या पुरुषांच्या मुठींनी मोजलेले गहू जात्यावर दळायचे, सगळ्या भाऊबंदांचं रांधायचं. थोरलीला जमलं नाही, तर धाकटीने. म्हणजे मी. मला ते नको होतं. बस, एवढंच.

पुढेही दर खेपेला मी आधी आत जाऊन डॉक्टरांना गप्प राहायला सांगायचे. अक्का गेली तेव्हाही तिच्या लेखी ते ताकदीचंच होतं.

त्या पहिल्या श्रावणात ती आल्यागेल्याला माझ्याबद्दल सांगत होती, "देरानी नही, मन्ही सख्खी बहीण शे. माले आते बठ्ठं दिसस." आता म्हणे तिला सगळं दिसत होतं. रोट तिनेच केले. मी कॉलेजचं निमित्त सांगून ऐन जेवायच्या वेळेला पोचले, आणि पोटभर जेवले.