हातचा विसरणारं मशीन

अकोल्याच्या ज्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी कारकून होतो, तिथं बेरजेचं एक जुनाट मशीन होतं. त्याचे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं, म्हणून ते अडलं की अमरावतीहून एक मिस्त्री यायचे. पाणीही न पिता ते मशीनच्या पाठीवर हात ठेवत. ‘काहून बापा, काय दुखून राहिलं तुले?’ मग डोळे मिटून हँडल फिरवत आणि नुसतं ऐकत बसत.

त्या हंगामात एक शेतकरी हटेचना. त्यानं बोटांवर केलेली कापसाच्या वजनाची बेरीज मशीनपेक्षा जास्त भरत होती. मिस्त्रींना बोलावलं. नवाचे दहा होताना मशीन मधूनच हातचा विसरत होतं.

‘म्हातारं झालंय,’ मी म्हणालो.

त्यांनी आतलं दातेरी चाक काढून उजेडात धरलं. कधी न थांबणारे त्यांचे हात थांबले.

‘हा दात झिजला नाई, बाबू. कोनं तरी कानशीनं घासला हाये.’

चाक माझ्या तळहातावर ठेवत ते हळूच म्हणाले, ‘तुमी तं रोज याच्यापाशी बसता. तुमाले कधीच वजन कमी नाई वाटलं?’

वाटलं होतं. पण ‘मशीन चुकत नसतं’ असं सांगून तक्रार करणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांना मीच परत पाठवत होतो.